दीडशे खाटांचं रुग्णालय कागदावरून संगणकावर नेण्याआधीची तयारी

सुरुवात सॉफ्टवेअरच्या डेमोने करू नका, वॉर्डपासून करा. किमान आठवडाभर, तिन्ही पाळ्यांत, कोणीतरी वही घेऊन वॉर्डात बसावं आणि कागद कुठून कुठे जातो ते लिहून घ्यावं: केसपेपर कोण काढतं, इंडेंट (औषधं-साहित्याची मागणी) कोण लिहितं, रिपोर्ट आल्याचं आधी कोणाला कळतं. रात्रपाळी टाळू नका. रात्री दोन वाजता क्लार्क नसतो आणि त्याचं काम सिस्टरच उरकत असतात. नव्या सिस्टीममध्ये त्यांना तो अधिकार दिलेला नसेल तर पहिल्याच रात्री भरती अडते. तेव्हाच वेळाही मोजून ठेवा: नोंदणीच्या रांगेतली मिनिटं, नमुना घेतल्यापासून रिपोर्ट हाती येईपर्यंतचा वेळ, डॉक्टरांनी डिस्चार्ज सांगितल्यापासून रुग्ण बाहेर पडेपर्यंतचे तास. आधीचे आकडे नसले की महिन्याभराने ‘सगळं मंदावलं’ म्हणणाऱ्यालाही उत्तर देता येत नाही आणि ‘सगळं सुरळीत आहे’ म्हणणाऱ्यालाही.

प्रकल्पाचा शेवटचा शब्द कोणाचा, हे लेखी ठरवा. तो आयटीवाल्यांचा नसावा. वैद्यकीय अधीक्षक किंवा तितकाच मान असलेले डॉक्टर पुढे हवेत आणि त्यांच्या बरोबरीने मेट्रन हव्यात, कारण सर्वाधिक नोंदी नर्सिंगच्याच असतात. रेकॉर्ड विभागाच्या लोकांना त्यांचं काम उद्या काय असेल ते आधीच स्पष्ट सांगा. नोकरी जाणार या धास्तीत असलेला माणूस जुन्या फाइलींची खाचाखोच नव्या टीमला सांगत नाही.

सॉफ्टवेअर कंपनीशी होणाऱ्या करारात दोन गोष्टी असल्याच पाहिजेत. एक, करार संपल्यावर सगळा डेटा वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळेल. दोन, एका रुग्णाची पूर्ण फाइल तारखांच्या क्रमाने एका आदेशात छापता येईल. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. अठरा स्क्रीनवरून वेगवेगळे प्रिंट काढत बसलात तर ते जमत नाही. मेडिको-लीगल (पोलिस-कोर्टाशी संबंधित) केसचे मूळ कागद मात्र पूर्वीसारखेच जपून ठेवा.

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम: औषधांची मास्टर यादी. ती कंपनीने दिलेली तशीच घेऊ नका. फार्मासिस्ट आणि एक फिजिशियन यांनी मिळून प्रत्येक ओळ वाचायची: नाव, स्ट्रेंग्थ, एकक, औषध देण्याचा मार्ग. थायरॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये असतं; यादीत मिलिग्रॅम पडलं तर चूक हजार पटीची होते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच व्हायल 40 युनिट प्रति मिलिलिटर असतात आणि पेनची कार्ट्रिज 100 ची. दोन्ही एकाच नावाखाली ठेवली आणि स्क्रीनने डोस मिलिलिटरमध्ये मागितला, की युनिटचं मिलिलिटर करताना डोस अडीच पट वर-खाली जातो. इन्सुलिनचा डोस फक्त युनिटमध्येच भरता यावा, अशी सोय करून घ्या. ॲलर्जीच्या रकान्यात ‘ॲलर्जी नाही’ आणि ‘विचारलेलं नाही’ हे दोन वेगळे पर्याय हवेत. रिकामी जागा म्हणजे काय, हे मध्यरात्री कोणालाही सांगता येत नाही.

रुग्णाची ओळख हा दुसरा खड्डा. गावाकडून आलेल्या अख्ख्या कुटुंबाचा मोबाइल नंबर एकच असतो, वय अंदाजे असल्याने जन्मतारीख 1 जानेवारी पडते आणि लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं. म्हणून नुसत्या मोबाइलवर शोधू नका. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, गाव आणि वय, यांतल्या किमान तीन गोष्टी जुळल्याशिवाय जुनी फाइल उघडायची नाही. आभाचा (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंटचा) चौदा अंकी क्रमांक असेल तर जोडा, पण तो ऐच्छिक आहे. नाही म्हणून कोणाला खिडकीवर थांबवू नका.

बारकोडची चाचणी खऱ्या नळ्यांवर घ्या. लेबल नळीभोवती आडवं गुंडाळलं की काही रेषा नळीच्या वळणाआड जातात आणि स्कॅनर वाचत नाही. रेषा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या दिसतील असं, नळीच्या लांबीला धरून चिकटवायचं. ही सवय लॅबमध्ये नाही, रक्त काढणाऱ्याच्या हाताला लावायची आहे.

प्रशिक्षण सिस्टीम सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी द्या. त्याहून आधी दिलं तर विसरतात. दोन तासांपेक्षा लांबवू नका आणि प्रत्येकाला त्याच्याच कामाचं शिकवा. प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक पाळीत एक जाणकार हवा, आणि त्या दिवसांत त्याच्याकडे खाटा कमी द्या, नाहीतर तो नावापुरताच उरतो. व्हिजिटिंग कन्सल्टंट वीस मिनिटांत राउंड उरकून ‘सिस्टर, तुम्हीच टाका’ म्हणतील. तिथूनच पासवर्ड वाटून वापरणं सुरू होतं. त्यांच्या नेहमीच्या ऑर्डरचे (औषधं-तपासण्यांच्या सूचनांचे) संच आधीच तयार करून घ्या, राउंडच्या ट्रॉलीवर चालू स्थितीतला टॅब ठेवा, आणि तोंडी ऑर्डर फक्त आणीबाणीत, नंतर त्यांच्याच सहीने, हा नियम अधीक्षकांनी स्वतः सांगावा.

सुरू करण्याचा दिवस सोमवार नको, महिनाअखेर नको, मार्च तर नकोच. पावसाळ्यात डेंग्यूने वॉर्ड भरलेले असतात आणि गणपतीत निम्मा स्टाफ रजेवर असतो. मंगळवार किंवा बुधवारची सकाळ बरी. पहिला आठवडा ओपीडीच्या अपॉइंटमेंट निम्म्यावर आणा. भरती रुग्णांच्या चालू ऑर्डर उतरवताना एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने पडताळायचं. सकाळी आठचा डोस कागदावर दिला असेल तर तो सिस्टीममध्ये ‘दिला’ म्हणून नोंदवल्याशिवाय त्या खाटेचं काम पूर्ण धरू नका. अँटिबायोटिक दोनदा जाण्याची जागा हीच.

वीज गेल्यावर संगणक यूपीएसवर चालू राहतात, पण भिंतीवरचा नेटवर्क स्विच साध्या प्लगवर असतो आणि अख्खा मजला बंद पडतो. स्विच, राउटर आणि वॉर्डातला एक प्रिंटर यूपीएसवर घ्या. प्रत्येक वॉर्डात एक पेटी ठेवा: कोरे केसपेपर, ऑर्डर आणि औषधांचे तक्ते, आधीच छापलेले तात्पुरते नोंदणी क्रमांक, पेनं. भरती रुग्णांची यादी चालू औषधं आणि ॲलर्जीसह दर चार तासांनी छापून या पेटीत जावी. सिस्टीम परत आली की आधी दिलेली औषधं भरायची, मग तपासण्या, बिल सगळ्यात शेवटी. घाईत बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. सुरू करण्याआधी एकदा रात्रपाळीत मुद्दाम दोन तास सिस्टीम बंद ठेवून हा सराव करा, आणि बॅकअप घेतला जातोय यावर न थांबता तो दुसऱ्या सर्व्हरवर उघडून पाहा.

पहिले पंधरा दिवस रोज सकाळी पंधरा मिनिटांची उभ्याने बैठक घ्या. प्रत्येक तक्रारीपुढे ती सोडवणाऱ्याचं नाव आणि सोडवायची तारीख लिहा, रुग्णाच्या जिवाशी संबंधित असेल ती त्याच दिवशी. कागद आणि संगणक दोन्हीवर लिहिणं कधी थांबणार ती तारीखही आधीच जाहीर करा. त्या सकाळी जुने कोरे फॉर्म वॉर्डातून उचलून घ्या. मागे राहील ती फक्त ती पेटी.