पोट दुखतंय आणि रिपोर्ट नॉर्मल? या चुका टाळा

सोनोग्राफी नॉर्मल, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र दुखायचं थांबत नाही. मग घरचे म्हणतात 'गॅस असेल', नाहीतर 'तू फार विचार करतेस'. महिनोन्‌महिने पोटदुखी काढणाऱ्या माणसाला वर हेही ऐकून घ्यावं लागतं, याचं फार वाईट वाटतं. कित्येकदा तपासण्या कमी पडलेल्या नसतात. दुखण्याची हकीकत कुणी नीट विचारलेली नसते आणि आपणही ती सांगितलेली नसते.

आधी तातडीचं. बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली उतरणारं दुखणं, टणक झालेलं पोट, हिरवी उलटी, संडास आणि वारा दोन्ही बंद, डांबरासारखी काळी शौचाला होणं, पाळी चुकलेली असताना ओटीपोटात कळ आणि चक्कर: यातलं काहीही असेल तर घरी थांबू नका, हॉस्पिटल गाठा. अशा वेळी एरंडेल पाजणं किंवा 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळून घेणं जिवावर बेतू शकतं. पोटाच्या वरच्या भागात अचानक दाटून आलं आणि दरदरून घाम फुटला, तर सोडा पिऊन वाट पाहू नका, ईसीजी काढा. हार्ट अटॅकही कधी कधी हुबेहूब ॲसिडिटीसारखा वाटतो, मधुमेह असेल तर विशेषच.

सगळी भिस्त सोनोग्राफीवर ठेवणं

सोनोग्राफीच्या लहरी हवेतून पलीकडे जात नाहीत आणि आतड्यात हवा असतेच. त्यामुळे पित्ताशय, किडनी, गर्भाशय चांगलं दिसतं. जठरातला अल्सर बहुधा दिसत नाही. याच्या उलट चूकही होते. पित्ताशयात खडा दिसला की सगळं खापर त्याच्यावर फुटतं. खड्याचं दुखणं वेगळं असतं: बरेचदा जड जेवणानंतर, उजव्या बरगडीखाली किंवा मधोमध, अर्धा तास ते काही तास सलग, कधी उजव्या खांद्यापर्यंत जाणारं. रोज पोट फुगतं आणि संडासला जाऊन आलं की बरं वाटतं, अशी तक्रार असेल तर पित्ताशय काढल्यावरही ती तशीच राहण्याची शक्यता मोठी. ऑपरेशनला हो म्हणण्याआधी हे सर्जनला स्पष्ट विचारा.

बोटाने दाखवता येणारं दुखणं

हे फार वेळा निसटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. कुठे दुखतं असं विचारल्यावर काही जण अख्ख्या पोटावर हात फिरवतात, तर काही जण एकाच जागी बोट ठेवतात. दुसऱ्या प्रकारात दुखणं पोटाच्या आत नसून पोटाच्या भिंतीत असू शकतं. स्नायूच्या कडेला चिमटलेली नस, जुन्या टाक्यांची जागा. कार्नेट नावाच्या सर्जनने 1926 मध्ये यासाठी साधी तपासणी सांगितली. रुग्णाला उताणं झोपवायचं, दुखऱ्या जागेवर बोट दाबून ठेवायचं आणि डोकं-खांदे उचलायला सांगायचे. दुखणं आतलं असेल तर ताणलेले स्नायू ढालीसारखे मध्ये येतात आणि दुखणं कमी होतं. तेवढंच राहिलं किंवा वाढलं, तर भिंतीचा संशय घ्यायचा. त्या जागी भूल देणारं इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत आराम पडला, तर निदानही झालं आणि उपचारही सुरू झाला. याला मशीन लागत नाही, तरी हे व्हायच्या आधी लोकांच्या दोन-दोन एंडोस्कोपी होऊन गेलेल्या असतात.

गोळ्यांची गोष्ट लपून राहणं

गुडघ्यासाठी आई रोज वेदनाशामक घेते, पोटासाठी दुसऱ्याच डॉक्टरकडे जाते आणि गुडघ्याची गोळी सांगायची राहून जाते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणि पाळीच्या दुखण्यावरच्या गोळीतलं मेफेनॅमिक ॲसिड एकाच कुळातली. अल्सर करू शकणारी. भस्मं घेत असाल तर तेही सांगा. काहींत शिसं सापडलेलं आहे, आणि शिशामुळे पोटात पीळ पडतो, बद्धकोष्ठता होते, रक्त कमी होतं. रक्तातल्या शिशाची तपासणी वेगळी सांगून करावी लागते.

अल्सरमागे अनेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. त्याच्या शोधासाठी मार्शल आणि वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं. पण पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी चालू असताना श्वासाची किंवा शौचाची तपासणी केली तर जंतू असूनही रिपोर्ट 'नाही' येऊ शकतो. ती गोळी दोन आठवडे आधी थांबवावी लागते, अर्थात डॉक्टरांना विचारून.

फाइल न्यायची, हकीकत नाही

दोन-तीन आठवडे वहीत लिहा. 'मंगळवार. दुपारी मिसळ, चारला पोट तट्ट, रात्री संडासनंतर हलकं. पाळीचा दुसरा दिवस.' एवढं पुरतं. दर पाळीला असह्य कळ येत असेल तर 'बायकांचं असतंच' म्हणून सोडू नका, एंडोमेट्रिओसिसबद्दल (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) विचारा. संध्याकाळचा बारीक ताप आणि उतरतं वजन दिसलं तर आपल्याकडे पोटाचा टीबी आधी डोक्यात यायला हवा.

खाणं एकदम सगळं बंद करू नका. गहू सोडण्यापूर्वी सिलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी करा, नंतर ती चुकीची नॉर्मल येते. चातुर्मासात कांदा-लसूण सोडल्यावर पोट शांत राहिलं असं सांगणारे भेटतात. कांदा-लसणातले फ्रुक्टन, म्हणजे एक प्रकारची कर्बोदकं, नीट पचत नाहीत, आतड्यात आंबतात. एकेक पदार्थ बंद करून पुन्हा सुरू करून पाहा.

'आयबीएस' म्हणजे काहीच नाही, असं समजणं

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम: तपासणीत इजा दिसत नाही, तरी पोट दुखतं आणि संडासची तक्रार राहते. दुखणं खरंच असतं. आतड्याच्या नसा जास्त संवेदनशील झालेल्या असतात. इसबगोल थोड्या प्रमाणात सुरू करून वाढवा, कोंडा मात्र अनेकांना त्रासच देतो. डॉक्टरांनी रात्री कमी मात्रेत ॲमिट्रिप्टिलिन दिलं तर 'हे डिप्रेशनचं औषध' असं इंटरनेटवर वाचून परस्पर बंद करू नका. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत आयबीएसवर या कमी मात्रेचा फायदा दिसला. हृदयाचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर आधी सांगा, आणि गुण यायला काही आठवडे द्या.