जुन्या घरगाडीच्या टपाची गळती कशी काढावी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पुढे, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला मृगानंतर पावसाची जी झड लागते, तिच्यात जुन्या मिनीबसची केलेली घरगाडी उभी राहिली की टपाचा एकेक सांधा पाझरू लागतो. म्हणून हे काम मे महिन्यातच, वळवाच्या सरींमधले चार कोरडे दिवस साधून उरकावे.

आत थेंब जिथे पडतो, त्याच्या नेमके वर भोक सापडेल अशी अपेक्षा धरू नये. सांध्यातून शिरलेले पाणी आतल्या लोखंडी पट्टीवरून उताराकडे सरकते आणि हात-दोन हात लांब जाऊन ठिबकते. प्रथम छताच्या आतल्या प्लायवूडवरील ओलीच्या डागाची कड पेन्सिलीने आखून शेजारी तारीख लिहावी. मग एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने बागेच्या नळीने टपाच्या खालच्या कडेपासून सुरुवात करून, एकेका सांध्यावर काही मिनिटे थांबत, वर सरकावे. धुलाई केंद्रातला जोराचा फवारा वापरू नये, कारण तो चांगल्या सांध्यातूनही पाणी आत ढकलतो. सलग पत्रा क्वचितच गळतो. दोष बहुधा हवेच्या झरोक्याच्या चौकटीत, कॅरियरच्या बोल्टांत किंवा कडेच्या पट्टीत निघतो. टपावर आडवी फळी टाकून तिच्यावरच गुडघे टेकावेत, नाहीतर पत्रा दबून तिथे पाणी साचू लागते.

झरोका गळत असेल तर जुन्या चिकट्यावर नवा थर फासण्याचा मोह टाळावा. मी एकदा आंबूस वासाचे साधे सिलिकॉन फासले होते. वर्षभरात ते कडेने सुटले आणि त्याच्या उरलेल्या पापुद्र्यावर दुसरे काहीच धरेना, तेव्हा दोन दिवस नुसते खरवडण्यात गेले. स्क्रू काढून चौकट पूर्ण उचलावी, चिकटा प्लास्टिकच्या पातीने काढावा, गंज तारेच्या ब्रशने घासून त्यावर प्रायमर लावावा आणि तो वाळल्यावर चौकट टेकते ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. भोवतालच्या लाकडात स्क्रूड्रायव्हरचे टोक सहज रुतले, तर तेवढा भाग कापून नवा बसवावा, कारण कुजक्या लाकडात स्क्रू पकड घेत नाही.

चौकटीच्या खालच्या बाजूने बुटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) न तोडता फिरवून टोके एकमेकांवर घ्यावीत. समोरासमोरचे स्क्रू आलटून-पालटून थोडेथोडे आवळावेत. टेप चारी बाजूंनी सारखा बाहेर डोकावला की थांबावे आणि तासाभराने पुन्हा एक फेरी द्यावी. जादा टेप कापून कडेवर व स्क्रूंच्या डोक्यांवर पॉलियुरेथेन सीलंट (सांधे बुजवणारा लवचीक चिकटा) लावावे. हे काम सकाळी, दव वाळल्यावर करावे. दुपारी पत्रा हात लावू देत नाही. सीलंट हवेतल्या दमटपणाने वाळते, तेही दिवसाला साधारण 2 ते 3 मिलिमीटर, त्यामुळे जाड थराला घाई चालत नाही.

कामासाठी छताचे प्लायवूड काढले असेल, तर ते लगेच बसवू नये. वळवाची एक दणदणीत सर पडू द्यावी आणि उघड्या जागेत पाणी दिसले नसेल आणि न काढलेल्या प्लायवूडवर पेन्सिलीच्या रेषेपलीकडे ओल सरकलेली नसेल, तरच ते परत ठोकावे.