रेंगाळणारी डायल पुन्हा वेगात

माझ्या जुन्या दूरध्वनीची डायल शून्य फिरवून सोडल्यावर मध्येच रेंगाळत असे. शून्याचे १० स्पंद, म्हणजे डायल परत फिरताना लाईनवर जाणारे विजेचे ठोके, सुमारे एका सेकंदात पूर्ण व्हायला हवेत. अशा वेळी स्प्रिंगचा ताण वाढवण्याचा मोह होतो, परंतु दोष बहुधा गव्हर्नरच्या (डायलचा परतीचा वेग आवरणाऱ्या भागाच्या) आणि दातेरी चाकांच्या बेअरिंगमध्ये सुकून चिकट झालेल्या तेलाचा असतो. ते मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढले आणि पूर्ण वाळल्यावर प्रत्येक ठिकाणी सुईच्या टोकाने घड्याळाच्या तेलाचा अगदी लहान थेंब दिला. गव्हर्नरची घर्षणाची वाटी मात्र कोरडीच ठेवली, कारण तिथे तेल गेले की डायल बेफाम धावते. स्पंद देणाऱ्या संपर्कपट्ट्यांनाही तेल लागू देऊ नये. त्यांच्यामधून स्वच्छ कागदाची पट्टी हलकेच ओढणे पुरते, कानस मुळीच लावू नये.