थंडीत माशांच्या खाद्याची मात्रा उतरवा, कस उतरवू नका

दिवाळी सरली, आता पहाटे शाल लागते. इंदापूर, बारामती, दौंड, शिरूर भागातल्या शेततळ्यांत पावसाळ्यात सोडलेली बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) अंग धरू लागली आहे, आणि नेमकं याच दिवसांत गणित चुकतं. कुणी ऑक्टोबरच्याच मापाने खाद्य टाकत राहतो आणि पाणी नासतं. कुणी ‘थंडीत मासा खातोच कुठे’ म्हणत चांगलं खाद्य बंद करून नुसत्या कोंड्यावर येतो, मग वाढ खुंटते.

यात प्लास्टिक अस्तराच्या तळ्याला सगळ्यात जपावं लागतं. मातीच्या तळ्यात शेणखतावर प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) येतं, तळाशी किडे-अळ्या होतात. प्रथिनांचा मोठा वाटा माशाला तिथूनच मिळतो, म्हणून वरचं खाद्य थोडं हलकं असलं तरी निभावतं. प्लास्टिकवर हे जेवण फारच तुटपुंजं. तिथे मासा तुमच्या पोत्यावरच जगतो.

प्रथिनांची गरज वयाप्रमाणे उतरत जाते. जिऱ्यापासून (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांपासून) बोटुकली होईपर्यंत ३५ ते ४० टक्के, बोटुकलीला ३० ते ३५, आणि १०० ग्रॅमच्या पुढच्या रोहू, कटला, मृगलला २५ ते ३० टक्के पुरतात. उजनीकाठी जिला चिलापी म्हणतात, ती तिलापिया तळ्यात पाळली असेल तर २८ ते ३२ धरा. याहून जास्त दिलं म्हणून मासा जास्त वाढत नाही. जादा प्रथिन तो जाळतो आणि त्यातला नत्र कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन तुमच्याच पाण्यात येतो.

स्निग्धांश, म्हणजे चरबी (फॅट), हे माशाचं इंधन. ते कमी पडलं तर मासा महागडी प्रथिनं जाळून हिंडतो-फिरतो, वाढीला काही उरत नाही. वाढत्या कार्पला, म्हणजे रोहू, कटला, मृगल या कुळाला, ५ ते ८ टक्के ठीक. फार झालं तर यकृतावर आणि पोटात चरबी साचते. चरबी कोणती, हेही बघा. लिनोलेइक आणि लिनोलेनिक ही दोन आम्लं कार्पला खाद्यातूनच लागतात. पहिलं शेंगपेंडीत-कोंड्यात मुबलक असतं, दुसरं जवसात.

पोतं घेताना छापील प्रोटीन आणि फॅट वाचून मगच भाव विचारा. समजा २८ टक्क्यांचं खाद्य ४० रुपये किलो आहे आणि २० टक्क्यांचं ३२ रुपये. पहिल्यात एक किलो प्रथिन १४३ रुपयांना पडतं, दुसऱ्यात १६० रुपयांना. स्वस्त वाटलेलं पोतं महाग निघालं.

घरी मिश्रण करत असाल तर १० किलोसाठी ५ किलो घाण्याची शेंगपेंड, अडीच किलो साधा भाताचा कोंडा आणि अडीच किलो तेल काढलेला कोंडा घ्या. प्रथिनं २८ टक्क्यांच्या आसपास आणि स्निग्धांश साधारण ७ बसतो. सगळा कोंडा साधाच घातला तर स्निग्धांश १० च्या वर जातो. मिश्रणात १०० ते २०० ग्रॅम भरडलेलं जवस आणि १०० ग्रॅम मिनरल मिक्श्चर घाला. पेंड रात्री भिजवा, सकाळी कालवून घट्ट गोळे करा. सोयाबीन घालायचं तर भाजून, कच्चं कधीच नाही. कच्च्या सोयाबीनमुळे प्रथिनं नीट पचत नाहीत.

कोंडा हाताने उचलून नाकाशी धरायची सवय लावा, ही माझी कळकळीची विनंती. साध्या कोंड्यातलं तेल फार लवकर खवट होतं. शिरूरकडच्या एका तळ्यावर मासे खाद्याला तोंड लावत नव्हते, औषधांवर खर्च चालू होता. पोतं उघडलं तर खवट वास आला. कोंडा बदलला आणि मासे खायला लागले. पंधरा दिवसांपुरताच कोंडा आणा, पोती फळीवर ठेवा. पेंडीला बुरशी दिसली तर ती अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाच्या भीतीने फेकूनच द्या, उन्हात वाळवून वापरू नका.

आता मात्रा. साधा थर्मामीटर दोरीला बांधून दुपारी हातभर खोल पाण्यात सोडा. २५ अंशांच्या वर असेल तर माशांच्या एकूण वजनाच्या २ टक्के, २० ते २५ मध्ये १ ते दीड टक्का, आणि २० च्या खाली उतरलं की अर्धा टक्का किंवा एक दिवसाआड. १,००० मासे सरासरी १५० ग्रॅमचे असतील तर २ टक्क्यांनी दिवसाला ३ किलो होतात, १ टक्क्याने दीड. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १०-१२ अंशांवर येतो, तेव्हा सकाळी सातला टाकलेलं खाद्य तळाशीच कुजतं. अकरानंतर, ऊन पाण्यात उतरल्यावर द्या. चिलापी आणि पंगस हे मासे थंडीला जास्त हळवे, त्यांचं खाद्य आधी कमी करा.

खाद्य ट्रेमध्ये द्या आणि दोन तासांनी ट्रे वर काढून बघा. उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढं कमी टाका. ढगाळ दिवशी, किंवा पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर त्या दिवशी खाद्य पूर्ण बंद ठेवा आणि एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालवा. दर पंधरा दिवसांनी जाळं टाकून २५-३० मासे तोला आणि नव्या वजनावर माप पुन्हा काढा.