आउटबोर्ड इंजिन हिवाळ्यात ठेवताना या चुका टाळा

बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं आउटबोर्ड इंजिन चार महिने बंद राहून सुरू होत नाही, तेव्हा शिव्या इंजिनाला बसतात. खरा घोळ बहुधा ते ठेवलं त्या दिवशीच झालेला असतो, आणि त्यात आत राहिलेल्या पाण्याचा हात मोठा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गिअर ऑइल ‘पुढच्या मोसमात बदलू’ म्हणून तसंच सोडणं. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) शाफ्टवरचं सील गळत असेल तर गिअरकेसमध्ये, म्हणजे गिअर असलेल्या खालच्या पेटीत, पाणी शिरतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि केसला तडा जातो. तेव्हा आधी खालचा स्क्रू, मग वरचा काढून तेल पूर्ण उतरू द्या. ते दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. नुसतं तेल बदलून भागणार नाही, सील बदलावंच लागेल. पंखा काढून पाहा, शाफ्टला गुंडाळलेली तंगूस (मासेमारीची नायलॉन दोरी) सील कापत बसलेली सापडते. नवीन तेल खालच्या भोकातून, वरून बाहेर येईपर्यंत भरा. वरून ओतलं की हवा अडकते. वॉशर नवेच घाला.

‘जरा आवाज ऐकू’ म्हणून थंड करणारं पाणी न जोडता इंजिन चालवू नका. पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पातं) काही सेकंदांत जळू लागतो. नंतर मागच्या भोकातून पाण्याची धार येत नाही, तेव्हा संशय त्याचाच घ्या. पण त्याआधी भोकात बारीक तार घालून पाहा. मीठ किंवा किड्याचं घरटंही निघतं.

पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (ते खराब होऊ न देणारं रसायन) ओतून झाकण लावलं, की काम संपलं असं वाटतं. ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचायला इंजिन दहाएक मिनिटं चालवायला हवं, अर्थात पाणी जोडून. नाहीतर त्याच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, चिकट थर बसतो आणि इंजिन सुरू होऊन लगेच मरतं. सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल (गंज रोखणारं तेल) मारायचं ते सगळ्यात शेवटी. मारल्यावर पुन्हा इंजिन चालवलंत, तर ते तेल जळून गेलं समजा.

बॅटरी पूर्ण चार्ज करून काढून ठेवा. उतरलेली बॅटरी गोठते. आणि इंजिन उभंच ठेवा. थंड करणारं पाणी आपोआप खाली निथळतं, आडवं केलं की तेच सिलिंडरकडे जाऊ शकतं. जागेअभावी छोटं फोर-स्ट्रोक इंजिन आडवं करावंच लागलं, तर कोणत्या कुशीवर ते मॅन्युअलमध्ये पाहा. चुकीच्या कुशीवर ठेवलं तर इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं.