वाचलेलं परीक्षेत आठवत नाही? उजळणीतल्या या चुका टाळा

‘इतकं वाचलं, तरी विसरलो’ या एका तक्रारीत तीन वेगळे बिघाड असतात आणि तिन्हींवर इलाज मात्र एकच केला जातो: पुन्हा वाचणं. आधी बिघाड ओळखा. सराव परीक्षेतले चुकलेले वीस-पंचवीस प्रश्न काढा. उत्तर थेट पाहू नका, त्याचा पहिला शब्दच पाहा. तेवढ्यावरून उरलेलं आठवलं, तर समासात ‘सा’ लिहा: डोक्यात होतं, पण वेळेवर सापडलं नाही. पूर्ण उत्तर वाचूनही नवखं वाटलं, तर ‘शि’: ते शिरलंच नव्हतं. भलतंच पण जवळपासचं उत्तर दिलं असेल, तर ‘मि’: दोन गोष्टी मिसळल्या.

‘सा’ जास्त आले तर

पुन्हा पुन्हा वाचण्याची सवय बहुधा इथे नडते. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात मजकूर ओळखीचा वाटतो आणि ही ओळख म्हणजेच पाठांतर असं आपण धरून चालतो. परीक्षेत मात्र समोर मजकूर नसतो, तो आतून बाहेर काढावा लागतो आणि त्याचा सराव झालेलाच नसतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात हे स्वच्छ दिसलं. उतारा दोनदा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८१ टक्के आठवला. एकदा वाचून मग न बघता लिहून काढणाऱ्यांना ७५. आठवड्यानंतर चित्र उलटलं: दोनदा वाचणारे ४२ टक्क्यांवर, लिहून काढणारे ५६ वर. रात्री ‘सगळं येतंय’ वाटणारा विद्यार्थी पुढच्या आठवड्यात का अडतो, ते यातून कळतं.

म्हणून दोन-तीन पानं वाचून पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर पाच मिनिटं आठवेल तेवढं लिहा. अडलं की लगेच पान उघडायचा मोह होतो; निदान अर्धा मिनिट थांबा, कारण खरा सराव त्या धडपडीत आहे. मग पुस्तक उघडून राहिलेलं आणि चुकलेलं लाल शाईने भरा. पुढच्या वेळी सुरुवात त्या लाल ओळींपासून करा.

दुसरी चूक क्रमाची. ‘सात आठे’ विचारलं की काही मुलं सात एके सातपासून म्हणत येतात, कारण प्रत्येक ओळीची खूण आधीच्या ओळीत असते. राज्यघटनेची कलमं ओळीने पाठ केली की हेच होतं. कलम ३२४ सुटं विचारलं, तर निवडणूक आयोग आठवला पाहिजे आणि निवडणूक आयोग म्हटल्यावर ३२४. चिठ्ठ्या करा, पिसा, दोन्ही बाजूंनी विचारा.

‘मि’ जास्त आले तर

ब्रिटिश काळातल्या १९१९ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती (काही खाती मंत्र्यांकडे, काही गव्हर्नरकडे) आणली. १९३५ च्या कायद्याने ती प्रांतांतून काढली आणि केंद्रासाठी सुचवली. केंद्रात ती प्रत्यक्षात आलीच नाही. अशा जोड्या एकाच संध्याकाळी पहिल्यांदा वाचल्या की एकमेकींची उत्तरं पळवतात. पहिला कायदा न बघता लिहिता येऊ लागला की मगच दुसऱ्याला हात घाला. नंतर दोन्ही शेजारी मांडून फक्त फरकाची ओळ लिहा: ‘१९१९ प्रांत, १९३५ केंद्र (कागदावर)’. साम्यं लिहीत बसू नका, गोंधळ त्यांच्यामुळेच झालेला असतो.

‘शि’ जास्त आले तर

बहुतेकदा फोन जवळ असतो किंवा अर्थ न लावता रंगीत पेन फिरवलेला असतो. प्रत्येक परिच्छेदानंतर ‘हे असं का?’ याचं उत्तर एका वाक्यात द्या. जमलं नाही, तर पुढे जाऊ नका.

उजळणी कधी?

‘चोवीस तासांत सत्तर टक्के विसरतो’ हे वाक्य सगळीकडे फिरतं. त्याचं मूळ एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या १८८५ च्या प्रयोगांत आहे. त्याने स्वतःवरच, निरर्थक अक्षरगट पाठ करून, दुसऱ्यांदा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजलं. एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश श्रम वाचले. अर्थ कळलेल्या धड्याला तो आकडा जसाच्या तसा लावू नका.

पहिला अभ्यास आणि उजळणी यांतलं अंतर ठरवायला सेपेडा या मानसशास्त्रज्ञाचा आणि सहकाऱ्यांचा २००८ चा अभ्यास जास्त उपयोगी आहे. त्यातून निघणारा ढोबळ हिशेब असा: परीक्षा आठवड्यावर असेल, तर एका दिवसाने, महिनाभरावर असेल, तर आठवडा-दीड आठवड्याने, दोन महिन्यांहून पुढे असेल, तर तीन आठवड्यांनी. रोज तेच पान उघडणं हा वेळेचा अपव्यय आहे. आणि शेवटच्या रात्री जागून नवा धडा घेऊ नका. झोप कापली, तर आधीचंही नीट बसत नाही.

परीक्षेत उत्तर जिभेवर येऊन अडलं आणि दर वेळी तोच चुकीचा शब्द पुढे येत असेल, तर त्याच्याशी झगडू नका. तो शब्द जितका घोळवाल तितका घट्ट बसतो. प्रश्नावर खूण करा, पुढचे आठ-दहा सोडवा आणि परत या. परतल्यावर त्या धड्यातले शेजारचे मुद्दे आठवून पाहा. पुष्कळदा त्यांच्याबरोबर अडलेलं नावही निघतं.