मिटिऑर ३५० वर पाचवा गिअर कधी टाकायचा

स्प्लेंडरवर हात बसलेला माणूस रॉयल एनफिल्डची मिटिऑर घेतो आणि चाळीसलाच पाचवा टाकून मोकळा होतो. स्प्लेंडरला चारच गिअर, आणि चाळीसला टॉप तिला आरामात पेलतो. मिटिऑरवर मात्र ही सवय मोडावी लागते. बायकोला मागे बसवून पुणे-कोल्हापूर करणं हा माझा आवडता उद्योग, आणि त्यातून माझं मत पक्कं झालंय: वेग चौथ्यात गाठायचा, पाचव्यात तो टिकवायचा.

या गाडीला आरपीएम मीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेऱ्या घेतं ते दाखवणारा काटा, नाही. सगळ्यात जास्त टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, २७ न्यूटन मीटर, ४००० आरपीएमला मिळतो. पण काटाच नसल्यावर कान आणि तळपाय वापरायचे. इंजिन एका सिलिंडरचं, ३४९ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८५.८. स्ट्रोक असा लांब असला की इंजिन कमी फेऱ्यांतही नेटाने ओढतं. गाडी बंद पडत नाही, म्हणून चालवणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे, आणि इथेच फसगत होते. ठोके सुटे सुटे ऐकू यायला लागले, फूटरेस्टमधून धडधड पायात चढली, चेन खडखडली, की इंजिन दबलंय असं समजा. त्यावर आणखी रेस पिळली तर पिस्टन आणि क्रँकवर ताण येतो, चेन-स्प्रॉकेट आणि मागच्या हबमधले रबर मार खातात, आणि गाडी काही पळत नाही.

सपाट रस्त्यावर, एकटे असाल तर, मी ६५ च्या आसपास पाचवा टाकायला सांगेन. थ्रॉटल बंद, क्लच, टाचेने एकच ठाम दाब, मग क्लच सोडता सोडता रेस. मीटरवर गिअरचा आकडा ५ दिसला की झालं. आता थ्रॉटल बोटाच्या पेराएवढा उघडा. गाडी लगेच पुढे सरकली तर गिअर बरोबर. नुसतीच गुरगुरली तर विचार न करता परत चौथा. डबल सीट आणि बॅगा असल्या की मी सत्तरीच्या पुढे जाईपर्यंत थांबतो. शिरवळच्या मोकळ्या रानात समोरून वारा असला तर त्याहूनही उशिरा. म्हणून आकडा पाठ करू नका, दर वेळी ही पेराएवढी चाचणी घ्या.

खंबाटकीचा चढ लागायच्या आधीच, वेग हातात असताना, चौथा घ्यायचा. वळणावर पुढे ट्रक रांगत असेल तर तिसरा. वेग पडल्यावर गिअर उतरवायला गेलात तर उशीर झालेला असतो. घाट उतरतानाही पाचव्यात सोडून ब्रेकवर बसून राहू नका. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं.

राहिलं ओव्हरटेकचं. पुढे एसटी असेल तर लेन सोडण्याआधी चौथा घ्या. पाचव्यात ८० वर रेस पिळली तर वेग चढतो, पण फार सावकाश, आणि तेवढा वेळ तुम्ही बसच्या बाजूला अडकून राहता. चौथ्यात काम चटकन होतं. आपल्या लेनमध्ये परत आलात, वेग स्थिरावला, की मग पाचवा.